पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने: डॅन्यूबकाठच्या ट्रिपबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

युरोपात सायकल टूर करायची म्हटली की बहुतेक जण पहिल्यांदा याच रूटबद्दल विचारतात, आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना एवढ्याच भागाबद्दल आहे हे.

रूट नेमका कुठून कुठे जातो, आणि किती किलोमीटर?

साधारण सव्वातीनशे किलोमीटर, पण कुठल्या काठाने जाता आणि किती वेळा वाट वाकडी करता त्यावर आकडा बदलतो. मोठा रूट म्हणजे युरोव्हेलो 6, तो फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रोमानियात काळ्या समुद्रापर्यंत जातो, आणि आपला टप्पा त्यातला सगळ्यात जास्त सायकली चालणारा तुकडा आहे. वाटेत लिंझ, माउटहाउझेन, ग्राइन, मेल्क, ड्यूर्नश्टाइन, क्रेम्स, टुल्न अशी गावं लागतात. पाट्या भरपूर आहेत, चुकणं अवघड. तरी मोबाईलमध्ये ऑफलाइन मॅप टाकून ठेवा, कारण काम चालू असलं की डायव्हर्जन लागतं आणि त्याच्या पाट्या प्रत्येक वेळी तेवढ्या ठळक नसतात.

आजूबाजूला डोंगर आहेत, मग चढ किती आहे? मला जमेल का?

हाच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. डोंगर दोन्ही बाजूंना आहेत, अगदी अंगावर येतील असे, पण रस्ता नदीच्या काठाने जातो त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर, व्हिएन्ना साधारण 160 वर, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरमध्ये जेमतेम दीडशे मीटरचा उतार, तो पायाला कळतसुद्धा नाही. जुन्या काळी बोटी प्रवाहाच्या उलट घोड्यांनी ओढून न्यायचे, त्या घोड्यांच्या वाटांवरच आजचा बराचसा सायकल ट्रॅक आहे, म्हणून तो एवढा सपाट. रोज 40-50 किलोमीटर आरामात चालवता येत असतील तर जमेल, दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीचे आजी-आजोबा इथे चालवताना दिसतात.

पण माझं ठाम मत आहे की नुसतं सपाटीवरून जाऊन आलात तर खोरं अर्धंच बघितलंत. रोज एकदा तरी वर चढा, सायकल खाली लॉक करून पायी गेलात तरी चालेल. खालून नदी म्हणजे बाजूला वाहणारं पाणी, वरून बघितल्यावर कळतं की ही गावं इथेच का वसली, किल्ला त्याच टेकाडावर का बांधला, द्राक्षं याच उतारावर का लावली. त्यासाठी चांगल्या जागा म्हणजे श्ल्योगेनचा व्ह्यू पॉइंट, मारिया टाफेर्लचं चर्च, आग्श्टाइन आणि ड्यूर्नश्टाइनचे पडके किल्ले. मारिया टाफेर्ल नदीपासून दोनशे मीटरपेक्षा जास्त वर आहे, चढ खडा आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर तिथून दक्षिणेला आल्प्सची रांग दिसते.

किती दिवस ठेवावेत?

लोक चार दिवसांत करतात. करता येतं, रोज 80 किलोमीटर, सपाट रस्ता, पाठीवर वारा. पण मग मेल्कचा मठ बाहेरून बघायचा, ड्यूर्नश्टाइनमध्ये फोटो काढायचा आणि पुढे, असं होतं. माझ्या मते सात दिवस सायकलिंगचे आणि एक दिवस असाच मोकळा, पावसासाठी किंवा एखादं गाव आवडलं तर तिथे थांबण्यासाठी. टप्पे असे पाडता येतील: पासाऊ ते श्ल्योगेन साधारण 40-45 किलोमीटर, तिथून लिंझ 50 च्या आसपास, लिंझ ते ग्राइन 60 च्या वर, ग्राइन ते मेल्क 45-50, मेल्क ते क्रेम्स 35-40 (हा मुद्दाम छोटा ठेवा), क्रेम्स ते टुल्न 45 आणि टुल्न ते व्हिएन्ना 35-40.

पासाऊहून निघायचं की व्हिएन्नाहून?

पासाऊहून. उतार नावालाच आहे, खरं कारण वारा. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पूर्वेला जाताना तो पाठीमागून ढकलतो. टुल्नच्या आधी दरी संपून मोकळं मैदान लागतं, तिथे समोरून वारा आला की सपाटीवरही दमछाक होते, उलट दिशेने येणाऱ्यांचे चेहरे बघितले की समजतं.

आणि पासाऊला निदान अर्धा दिवस द्या, पोचलो आणि निघालो असं करू नका. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात, इल्झचं पाणी काळपट, इनचं फिकट हिरवट-राखाडी, आणि संगमाच्या टोकावर उभं राहिलं की ते वेगवेगळे रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, वर्षासकट. 2013 च्या पुरात इथे पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं होतं. ती रेघ आपल्या डोक्याच्या किती वर आहे ते बघितलं की पुढचे सगळे दिवस ज्या शांत पाण्याच्या शेजारून आपण जाणार आहोत त्याची ताकद लक्षात राहते. कॅथेड्रलमधला ऑर्गनही ऐका, 17 हजारांपेक्षा जास्त पाइप आहेत त्याला, आणि सीझनमध्ये दुपारी तो वाजवतात.

उत्तर काठ की दक्षिण काठ?

ट्रॅक बहुतेक सगळीकडे दोन्ही काठांना आहे, आणि या रूटची खरी मजा काठ बदलण्यात आहे. एकच काठ धरून व्हिएन्नाला पोचणं ही मला फार मोठी संधी वाया घालवणं वाटतं, कारण गाव दिसतं ते नेहमी समोरच्या काठावरून.

मी सुचवेन असं: पासाऊहून उत्तर काठ, तो जास्त शांत आहे, दक्षिणेला बराच वेळ गाड्यांचा रस्ता सोबत असतो. पुढे श्ल्योगेनला नदी डोंगरात अडून जवळजवळ उलटी फिरते, इथे उत्तर काठावर थोडा भाग असा आहे की कडा थेट पाण्यात उतरतो आणि सायकलला वाटच नाही, तिथे बोटीने पुढे जायचं. मी म्हणेन बोटीने दक्षिण काठावर श्ल्योगेनलाच उतरा, जंगलातून अर्धा तास चढून व्ह्यू पॉइंटला जा, मग दक्षिणेनेच आशाख गावापर्यंत. हा श्ल्योगेन ते आशाख भाग अख्ख्या रूटवरचा माझा सगळ्यात आवडता, दोन्हीकडे जंगल, घरं तुरळक, गाड्या जवळपास नाहीत.

लिंझनंतर उत्तर काठाने माउटहाउझेन आणि ग्राइन. ग्राइनच्या पुढे दरी पुन्हा अरुंद होते. इथे पूर्वी नदीत खडक आणि भोवरे होते, नावाडी लोक या भागाला प्रचंड घाबरायचे, स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय बोट घालायचे नाहीत. नंतर सुरुंग लावून खडक फोडले आणि 1959 मध्ये खाली इब्स-पेर्झेनबोयगचं धरण पूर्ण झाल्यावर राहिलेलं सगळं पाण्याखाली गेलं. आज तिथून जाताना पाणी इतकं संथ असतं की हे खरं वाटत नाही.

काठ बदलायला पूल कमी आहेत, पण बऱ्याच वीजकेंद्रांच्या बांधावरून सायकल नेता येते आणि बाकी ठिकाणी फेरी, म्हणजे नदी ओलांडून नेणाऱ्या बोटी, आहेत.

फेरीत सायकल घेतात का? वेळापत्रक कसं असतं?

घेतात, फेरी चालतातच मुख्यतः सायकलवाल्यांवर. लहान फेरी फक्त सीझनमध्ये असतात, संध्याकाळी लवकर बंद होतात, आणि नदीला पाणी जास्त असलं की बंद. म्हणून दिवसाची शेवटची फेरी गाठायची अशा हिशोबाने चालू नका. रोख पैसे सुट्टे ठेवा.

ओटेन्सहाइम, श्पिट्झ आणि वाइसेनकिर्खेनच्या फेरी तर मुद्दाम बसून बघण्यासारख्या आहेत, त्यांना इंजिनच लागत नाही. नदीच्या आरपार उंचावर जाड तार ताणलेली असते, तारेवर कप्पी, आणि बोट दोराने त्या कप्पीला बांधलेली. नावाडी सुकाणू फिरवून बोट प्रवाहाला थोडी तिरकी करतो, पाणी तिला बाजूने ढकलतं, दोर तिला वाहून जाऊ देत नाही, मग ती आपोआप समोरच्या काठाकडे सरकते. परत येताना तिरकेपणा उलटा करायचा, बस्स. आवाज फक्त पाण्याचा आणि वर तारेवरून घरंगळणाऱ्या कप्पीचा.

वाखाऊबद्दल सगळे एवढं का बोलतात?

मेल्क ते क्रेम्समधली साधारण 36 किलोमीटरची दरी म्हणजे वाखाऊ, 2000 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. उतारावर चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेल्या पायऱ्या, त्यावर द्राक्षं, खाली जर्दाळूच्या बागा, मध्ये मध्ये चर्चचे मनोरे. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे इथलं पाणी खरंच वाहतं. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर एका मागोमाग एक वीजकेंद्रं आहेत, त्यामुळे नदी बऱ्याच ठिकाणी तलावासारखी तुंबलेली असते. वाखाऊ आणि व्हिएन्नाच्या पूर्वेचा भाग एवढेच दोन मोठे पट्टे मोकळे राहिलेत. मेल्कनंतर काठावर थांबून बघा, पाण्याला ओढ आहे, गोट्यांचे किनारे आहेत, ते वरच्या भागात दिसत नाहीत.

मेल्कचा मठ सकाळी उघडल्या उघडल्या बघा. 1089 मध्ये तो बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना दिला गेला, आजची पिवळी इमारत 1702 ते 1736 मधली, वास्तुकार याकोब प्रांटाउअर. दुपारी क्रूझच्या बोटींमधून माणसं उतरतात आणि लायब्ररीत उभं राहायला जागा मिळत नाही.

मग पुलावरून उत्तरेला या, विलेनडोर्फला थांबा. 1908 मध्ये रेल्वेचं काम चालू असताना इथे चुनखडीची साधारण 11 सेंटीमीटरची बाईची मूर्ती सापडली, जवळपास 30 हजार वर्षं जुनी. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे, शेवटच्या दिवशी ती तिथे बघायची आणि ती जमिनीतून निघाली ती जागा आपण सायकलने ओलांडून आलोय हे आठवायचं, दोन्ही जोडून बघितल्याने फार फरक पडतो. श्पिट्झहून फेरीने दक्षिण काठावर जा, तिथे गाड्या कमी. रोसात्झपर्यंत आलात की समोर ड्यूर्नश्टाइन दिसतं, निळा-पांढरा मनोरा, त्याच्या मागे कडा आणि कड्यावर किल्ल्याच्या भिंती. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना डिसेंबर 1192 मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला, त्याला इथे कैदेत ठेवलं होतं, पुढे प्रचंड खंडणी घेऊन सोडलं. छोट्या फेरीने पलीकडे जा आणि किल्ल्यावर चढा. गावातली मुख्य गल्ली दुपारी गर्दीने भरते, तिथे सायकल हातात धरून चाला.

ऐतिहासिक गावांमधली कुठली चुकवू नयेत?

वर आलेली सोडून बोलतो. एन्सला 1212 मध्ये शहराचा दर्जा मिळाला, त्याची सनद अजून आहे, आणि त्याच्याही आधी तिथे रोमन सैन्याची मोठी छावणी होती. डॅन्यूब ही रोमन साम्राज्याची सरहद्द होती, म्हणून दक्षिण काठावर रोमन अवशेष जास्त सापडतात. ग्राइनला चौकातच 1791 चं छोटं थिएटर आहे, धान्याच्या कोठारात केलेलं, जुन्या खुर्च्यांना चक्क कुलपं आहेत, आणि बसल्या जागेजवळ पडद्याआड संडास, म्हणजे नाटक चुकायला नको. टुल्नमध्ये 1890 साली चित्रकार एगोन शीले जन्मला. टुल्न यायच्या थोडं आधी त्स्वेन्टेनडोर्फला पूर्ण बांधून झालेलं पण कधीच सुरू न झालेलं अणुवीजकेंद्र दिसतं. 5 नोव्हेंबर 1978 ला जनमत घेतलं, 50.47 टक्के लोक नको म्हणाले, विषय संपला.

लिंझला लोक कारखान्यांचं शहर म्हणून टाळतात, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा भाग रूक्ष आहे हे खरं, पण जगभर बहुतेक पोलाद ज्या पद्धतीने बनतं ती एलडी पद्धत (वितळलेल्या लोखंडावर ऑक्सिजन फुंकायची) 1952 मध्ये इथे सुरू झाली, एवढं तरी त्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघताना माहीत असावं.

माउटहाउझेनला थांबावं का?

थांबावं. गाव नदीवर आहे आणि नाझी छळछावणीचं स्मारक वर टेकडीवर, चढ कठीण आहे. ऑगस्ट 1938 पासून 5 मे 1945 ला अमेरिकन सैन्य येईपर्यंत छावणी चालू होती, ही छावणी आणि तिच्या शाखा मिळून साधारण 1 लाख 90 हजार माणसं कोंडली गेली आणि निदान 90 हजार मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून 186 पायऱ्या चढून कैद्यांना दगड वाहावे लागायचे. दोन-तीन तास लागतात, त्या दिवशी पुढे कमी अंतर ठेवा, कारण नंतर लगेच सायकल दामटवावीशी वाटत नाही. लहान मुलं सोबत असतील तर आधी विचार करा.

सायकल कुठली? भाड्याची की स्वतःची?

भाड्याची, जर एवढीच ट्रिप करणार असाल तर. पासाऊत घेऊन व्हिएन्नात सोडायची सोय मिळते, सामान रोज पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या कंपन्याही आहेत. ट्रेकिंग किंवा हायब्रिड सायकल, 35 ते 40 मिलिमीटरचे टायर, कॅरियर आणि मडगार्ड. रस्ता बहुतेक डांबरी, मध्ये थोडी बारीक खडी. रेसिंग सायकल चालते पण जुन्या गावांच्या दगडी फरश्यांवर हात भरून येतात.

बुक करताना एक विचारून घ्या, पायाने लागणारा मागचा ब्रेक आहे का ते. इकडच्या भाड्याच्या सायकलींना तो खूपदा असतो, पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो, आणि आपल्याला थांबल्यावर पॅडल मागे फिरवून पाय जागेवर आणायची सवय असते, ते त्यात होत नाही. नको असेल तर फ्रीव्हील (पॅडल मागे मोकळं फिरतं ते) मागा, बहुतेक देतात. बाकी पंक्चर किट, एक ट्यूब, पंप, आणि सॅडलची उंची पहिल्याच दिवशी नीट करून घ्या.

सामान पाठीवर नको, पॅनिअरमध्ये (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या), दोन्ही बाजूंना सारखं वजन. पॅनिअर वॉटरप्रूफ असले तरी कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत.

नियम काय आहेत?

उजवीकडून चालवायचं, हे मोकळ्या ट्रॅकवर विसरायला होतं, विशेषतः वळणावर. बेल, ब्रेक, रिफ्लेक्टर हवेतच, अंधारात लाइट. ऑस्ट्रियात 12 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांनीही घालावं. चालवताना फोन हातात नको. दारूची मर्यादा सायकलवाल्यांना पण आहे, रक्तात दर हजारी 0.8, आणि वाखाऊत जागोजागी वाइन समोर येते म्हणून सांगतोय, मुक्कामी पोचल्यावर प्या. इमर्जन्सीला 112.

कधी जावं?

मे, जून आणि सप्टेंबर. जर्दाळूचा बहर मार्चअखेर ते एप्रिल, दिसतो सुंदर पण थंडी असते आणि बऱ्याच फेरी सुरू झालेल्या नसतात. जुलैत जर्दाळू पिकतात, काठावर टोपल्या मांडून विकतात, मात्र जुलै-ऑगस्टला गर्दी आणि ऊन दोन्ही जास्त, खोल्या आधी बुक करायलाच हव्यात. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते, मला तोच महिना सगळ्यात आवडतो. फक्त पावसाचा अंदाज बघत राहा, सप्टेंबर 2024 मध्ये लोअर ऑस्ट्रिया या राज्यात मोठा पूर आला होता. पाणी चढलं की काठाचा ट्रॅक सगळ्यात आधी बुडतो.

व्हेज खाणाऱ्यांचं काय? आणि पाणी?

नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. व्हेजमध्ये चीज घातलेले श्पेट्झले (नूडल्ससारखा प्रकार), पालक किंवा चीजचे क्न्योडेल (उकडलेले गोळे), सूप (मांसाचा स्टॉक नाही ना ते विचारा), ब्रेड-चीज, आणि जर्दाळू भरलेले गोड क्न्योडेल, ते तर खाच. वाइनवाल्यांच्या घरगुती अंगणात दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की समजायचं आज उघडं आहे, तिथे थंड खाणं स्वस्त आणि चांगलं मिळतं, बरेच जण रोखच घेतात. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचं घेऊन ठेवा. हे लक्षात ठेवा, उपाशी राहायची वेळ याच एका कारणाने येते.

टेंट लावता येतो का?

कॅम्पसाइटवर, हो, आणि त्या नदीकाठी बऱ्याच आहेत. कुठेही जंगलात मालकाच्या परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, वाखाऊत तर अजिबात करू नका.

मध्येच थकलो किंवा पाऊस लागला तर?

ट्रेन. लिंझ, इब्स, मेल्क, क्रेम्स, टुल्न सगळीकडे स्टेशन आहे, लोकल आणि रीजनल गाड्यांत जागा असेल तर सायकलचं तिकीट काढून सायकल चढवता येते. लांबच्या एक्सप्रेस गाड्यांना सायकलचं रिझर्वेशन लागतं आणि जागा मोजक्याच, व्हिएन्नाहून परत पासाऊला स्वतःची सायकल न्यायची असेल तर आधीच करा.

व्हिसा?

जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, म्हणजे या ट्रिपला बहुतेक वेळा ऑस्ट्रिया. रात्री समान असतील तर जिथून आत शिरणार तो देश. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30 हजार युरोचा लागतो.

व्हिएन्नाच्या पुढे जावं का?

दिवस असतील तर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावापर्यंत जा, साधारण 65-70 किलोमीटर, एका दिवसात होतं. डोनाउ-आउएन नॅशनल पार्कमधून वाट जाते. तिथे धरण होणार होतं, 1984 च्या डिसेंबरमध्ये लोकांनी हाइनबुर्गजवळच्या जंगलात ठाण मांडलं, काम थांबलं आणि 1996 मध्ये पार्क झालं. रस्ता मात्र बांधावरून लांबच लांब सरळ आहे, सावली नाही, दुकानं नाहीत, तेव्हा व्हिएन्नातूनच पाणी आणि खाणं भरून निघा. स्लोव्हाकिया पण शेंगेन आणि युरोवालाच, आणि ब्रातिस्लावाहून व्हिएन्नाला ट्रेनने तासाभरात परत येता येतं.